कानातली चाळीस गाणी

प्रश्न : माझ्या फोनवर गाण्यांचं ॲप आहे, म्हणाल ते गाणं त्यात मिळतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मात्र दादाचा जुना एमपी थ्री प्लेअर सापडला. त्यात जेमतेम चाळीस गाणी आहेत. तेव्हापासून डोंबिवली ते सीएसएमटी रोज मी तोच कानाला लावते, आणि ही चाळीस गाणी मला फोनवरच्या लाखो गाण्यांपेक्षा जास्त आवडतात. हा नुसता जुन्याचा ओढा, की यामागे काही कारण असेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जुन्याचा ओढा थोडा असणारच, दादाची वस्तू आहे. पण तेवढंच असतं तर दोन आठवड्यांत प्लेअर परत कपाटात गेला असता. ज्या अर्थी तुम्ही तो रोज लावताय, त्या अर्थी तो तुम्हाला असं काहीतरी देतोय जे फोनला जमत नाही. माझ्या मते ते दोन गोष्टींत आहे. हा प्लेअर तुम्हाला मध्येच हाक मारत नाही आणि सारखं निवडायला लावत नाही.

फोनवर गाणं लावून लोकलमध्ये उभं राहिल्यावर काय होतं ते आठवून पाहा. मुखडा संपायच्या आत ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी काहीतरी टाकतं, दिव्याच्या आसपास बँकेचा मेसेज येतो, ठाण्याला घरून फोन येतो. गाणं सुरूच असतं, लक्ष मात्र परत त्याच्याकडे जात नाही. आणि लक्ष गेलंच तर आपण ‘पुढचं’ दाबतो, कारण पुढे आणखी बरं काहीतरी असेल अशी आशा असते. लाखो गाणी हाताशी असताना एकाच गाण्याजवळ थांबणं खरंच अवघड आहे. चाळीसच असली की माणूस थांबतो. थांबला की दुसऱ्या अंतऱ्यातली बासरी ऐकू येते, जी पहिल्या दहा वेळा निसटलेली असते.

खिशातल्या संगीतयंत्राचा जन्मच मुळी या एकट्याने, निवांत ऐकण्याच्या इच्छेतून झाला. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचे, पण त्यासाठी बाळगावा लागणारा कॅसेट रेकॉर्डर चांगलाच जड होता. मला नुसतं ऐकायचंय, काहीतरी हलकं करून द्या, असं त्यांनी कंपनीत सांगितलं. पत्रकारांसाठी बनवलेला ‘प्रेसमन’ नावाचा लहान रेकॉर्डर कंपनीकडे होताच. इंजिनिअरांनी त्यातली रेकॉर्डिंगची सोय काढून टाकली, स्टिरिओ आवाज बसवला आणि सोबत सुमारे 50 ग्रॅम वजनाचा हेडफोन दिला. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना हे इतकं आवडलं की उन्हाळी सुट्टीच्या आत ते बाजारात आणायचंच असं त्यांनी ठरवलं. 1 जुलै 1979 ला जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीला आला. किंमत 33,000 येन.

रेकॉर्डिंग न करणारा टेपरेकॉर्डर कोण घेणार, अशी शंका कंपनीतच अनेकांना होती. पहिल्या महिन्यात तीन हजारांच्या आसपासच नग खपले, तेव्हा ती शंका खरी ठरतेय असंच वाटलं असणार. मग कंपनीची तरुण मंडळी वॉकमन लावून टोकियोच्या लोकलमधून आणि गर्दीच्या रस्त्यांवरून फिरू लागली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावू लागली. ऑगस्ट संपेपर्यंत पहिले तीस हजार नग संपले होते. लोकल आणि कानातलं गाणं यांची सोबत ही अशी अगदी सुरुवातीपासूनची आहे.

(इतिहास नीट सांगायचा तर आणखी एक नाव घेतलंच पाहिजे. जर्मनीत जन्मलेले आणि ब्राझीलमध्ये वाढलेले आंद्रेआस पावेल यांनी कमरेच्या पट्ट्यावरून संगीत ऐकायची अशीच युक्ती 1972 मध्ये शोधली होती आणि 1977 मध्ये पेटंटसाठी अर्जही केला होता. कित्येक वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर सोनीने त्यांच्याशी तडजोड केली.)

त्या पहिल्या वॉकमनमधली एक गोष्ट मला फार आवडते. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकायचं. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि छोट्या माइकमुळे दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. एकट्यानेच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, असं मोरितांना वाटलं होतं. लोकांनी मात्र तो एकट्यानेच ऐकला, आणि पुढच्या मॉडेलांतून ही सोय निघून गेली. मला त्यात स्वार्थ दिसत नाही. तुमच्या महिला डब्यात सकाळी आठला श्वास घ्यायला जागा नसते. तिथे चार मिनिटांचं गाणं हीच काय ती स्वतःची जागा. ज्या बाईला घरी आणि ऑफिसात अशी जागा मिळत नाही, तिने ती कानात शोधली तर त्यात वावगं काय?

आता निवडीबद्दल. आपल्याकडे कॅसेटच्या दिवसांत गावोगावी कॅसेट ‘भरून देणारी’ दुकानं होती. मीही वहीच्या पाठकोऱ्या पानावर गाण्यांची यादी घेऊन तिथे जायचो. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सहा-सात गाणी, फार तर आठ. दुकानदार यादीवर पेन फिरवायचा आणि म्हणायचा, “ए बाजूला शेवटचं बसणार नाही, एक उडवा.” कोणतं उडवायचं यावर मी तिथेच फळीला टेकून दहा मिनिटं विचार करत उभा राहिलेलो आहे. त्या दहा मिनिटांत ती गाणी आपली व्हायची. आणि एकदा भरून आणली की त्यांचा क्रम ठरलेला. आजही रेडिओवर त्यांतलं एखादं लागलं की ते संपल्यावरच्या शांततेत माझ्या मनात पुढचं गाणं आपोआप सुरू होतं, रेडिओवर मात्र भलतंच लागतं. तुमच्या चाळीस गाण्यांचंही हेच झालंय. एक संपताना दुसरं मनात आधीच उभं राहतं, आणि वाट पाहून भेटलेल्या गाण्याचा आनंद वेगळाच असतो. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण दर आठवड्याला एक गाणं या गतीने ऐकलेल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही. 56 गाण्यांना वर्षाहून जास्त काळ लागला, आणि आठवडाभर ती पिढी एकाच गाण्यात राहिली.

आणखी एक योगायोग तुम्हाला आवडेल. 1998 मध्ये दक्षिण कोरियात पहिला खिशातला एमपी थ्री प्लेअर विक्रीला आला, त्याची मेमरी होती 32 एमबी. नेहमीच्या प्रतीची गाणी भरली तर त्यात मावायचं अर्ध्या तासाचं संगीत, म्हणजे साठच्या कॅसेटची बरोबर एक बाजू! तेवढंही मावायचं ते जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांच्या कामामुळे. ढोल-ताशा पथकासमोर उभं असताना शेजारच्याच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही, ती असली काय नि नसली काय. गाण्यातही दर क्षणाला मोठ्या आवाजाखाली असे बारीक आवाज झाकले जातात. एमपी थ्री हे झाकलेले आवाज ओळखून त्यांच्यासाठी फारशी जागा खर्च करत नाही. त्यामुळे सीडीवर एका मिनिटाला जिथे साधारण 10 एमबी जागा लागते, तिथे एका एमबीत काम भागतं. पुढे 2001 मध्ये ॲपलचा आयपॉड 5 जीबी जागा आणि खिशात हजार गाणी घेऊन आला, आणि निवड करायची सवय तिथून सुटायला लागली. मे 2022 मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं, कारण तो फोनमध्येच विरघळून गेला होता.

तेव्हा प्लेअर वापरत राहा. त्यात आणखी चारशे गाणी घालायचा मोह होईल, तो आवरा. महिन्याला पाच काढा, पाच घाला. कोणती पाच काढायची हे ठरवताना जो त्रास होईल, तो घ्याच. आणि दादा कुठे असेल तिथे त्याला कळवा, की त्याने निवडलेली गाणी रोज सकाळी मध्य रेल्वेने मुंबईला जातात.

प्रश्न : आमच्या वॉकमनचे सेल संपत आले की गाणं रडायला लागायचं, लताबाईंचा आवाज पुरुषी व्हायचा. आताचा प्लेअर चार्जिंग संपलं की न रडता एकदम बंद पडतो. असं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : हा प्रश्न वाचून मन खूप मागे गेलं. कॅसेटमध्ये गाणं लांबीत साठवलेलं असतं. साठच्या कॅसेटमध्ये सुमारे 90 मीटर लांबीची, चार मिलिमीटरही रुंद नसलेली फीत गुंडाळलेली असते, आणि ती हेडसमोरून सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकली तरच गाणं जसं गायलं गेलं तसं ऐकू येतं. हा वेग सांभाळायचं काम एका बारीक फिरत्या दांडीचं आणि तिला दाबून धरणाऱ्या रबरी चाकाचं. दांडी फिरवते मोटर, आणि मोटरला ताकद दोन पेन्सिल सेलची. सेल उतरायला लागले तरी काही काळ वॉकमनमधली यंत्रणा वेग राखून धरते, पण एका मर्यादेनंतर तिचाही इलाज चालत नाही. मोटर मंदावते, सेकंदाला कमी फीत सरकते, आणि मग लय आणि पट्टी दोन्ही एकदम खाली येतात. वेग सहाएक टक्क्यांनी घटला की काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एकमध्ये उतरतं. आणखी घटला की गाणाऱ्या बाईंच्या जागी कोणी जड आवाजाचे गृहस्थ गाऊ लागतात.

तेव्हा आपण काय काय करायचो! सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे, तासाभराने परत घालायचे, की दोन-तीन गाणी आणखी निघायची. त्यात तथ्य होतं. उष्णतेने सेलमधली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि मिळालेल्या विश्रांतीनेही सेल जरा सावरतो. कॅसेट मागे घ्यायला सेल जास्त खर्च होतात, म्हणून ती वॉकमनमध्ये न फिरवता पेन्सिलीवर फिरवायची. सहा कडांची पेन्सिल कॅसेटच्या चाकाच्या सहा दात्यांत अशी घट्ट बसायची, जणू एकमेकांसाठीच बनवलीत. कॅसेट पेन्सिलीवर गरगर फिरवताना येणारा तो खुळखुळ आवाज तुमच्या कानात आत्ताही आला असेल. फीत कुठे सैल पडून बाहेर आली असेल, तर हळूहळू, पीळ पडू न देता ती आत घ्यायची. घरातल्या मोठ्या माणसांनी लहानांवर सोपवलेलं हे काम होतं, आणि लहान बोटांना ते चांगलं जमायचं.

आताच्या प्लेअरमध्ये गाणं लांबीत नसून आकड्यांत असतं. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात प्रत्येक कानासाठी सेकंदाला 44,100 आकडे असतात, आणि ते ठरल्या गतीने वाजवायचं काम क्वार्ट्‌झचा एक स्फटिक करतो, मनगटी घड्याळात असतो तसाच. बॅटरी उतरली म्हणून या स्फटिकाची गती कानाला कळेल इतकी बदलत नाही. विजेचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की प्लेअर सरळ स्वतःला बंद करतो. त्यामुळे त्याचं गाणं शेवटच्या क्षणापर्यंत सुरात असतं. वॉकमन मात्र आपण दमलोय हे आधी सांगायचा, आणि तेवढ्यात सेल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येता यायचं.

प्रश्न : प्लेअर शफलवर ठेवला की एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येतात. यंत्राची पण आवडनिवड असते का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आवडनिवड नसते, म्हणूनच असं होतं. तुमच्याकडे 100 गाणी आहेत आणि त्यांतली 10 आशाबाईंची आहेत असं समजा. ती सगळी पत्त्यांसारखी नीट पिसली, तर आशाबाईंची दोन गाणी कुठे ना कुठे शेजारी-शेजारी येण्याची शक्यता 100 मध्ये जवळजवळ 63 आहे. म्हणजे तसं न होणं हेच जास्त नवलाचं. आपल्या मनात ‘कसंही पिसलेलं’ याचा अर्थ ‘सगळीकडे सारखं पसरलेलं’ असा असतो, गणितात तो तसा नाही. नाणं उडवलं तर लागोपाठ तीन छाप पडतातच, तसंच हे.

काही साधे प्लेअर पिसतही नाहीत. प्रत्येक वेळी 100 मधून कोणतंही एक उचलतात आणि परत ढिगात टाकतात. अशा प्लेअरवर 13 गाणी वाजेपर्यंत एखादं तरी पुन्हा लागलेलं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. घरी कागदावर मांडून बघा. बारावीच्या गणिताएवढंच आहे, आणि उत्तर जुळलं की फार बरं वाटतं. अशाच तक्रारी ॲपलकडेही पुष्कळ गेल्या होत्या. 2005 मध्ये त्यांनी गाणी मुद्दाम दूर-दूर ठेवायची सोय दिली. पिसण्यातला खरा योगायोग त्यांनी कमी केला, तेव्हा लोकांना ते नीट पिसल्यासारखं वाटायला लागलं.

प्रश्न : मुलगा पुण्यात शिकतो. बसमध्ये, रस्त्यावर, अभ्यास करताना त्याच्या कानात सतत गाणी असतात. रागवावं तर गाण्याची आवड चांगलीच आहे. आवाज किती असला तर चालतो?
— एक आई, नाशिक

उत्तर : आवडीवर रागावू नका. आवाजाबद्दल मात्र जरूर बोला, आणि पुढचे आकडे त्याला वाचायला द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. त्यावर दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 83 ला 20 तास, 86 ला 10. 90 ला आठवड्याला 4 तासच उरतात, म्हणजे दिवसाला 35 मिनिटंसुद्धा नाहीत. लहान मुलांसाठी तर 40 तासांची मर्यादा 75 डेसिबलची आहे.

खरी अडचण बसमध्ये होते. इंजिनाचा आणि हॉर्नचा गोंगाट असतो, त्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि तो किती वाढलाय हे तिथे कळतच नाही. त्याला एक सोपी परीक्षा सांगा. बसमधून उतरताना आवाजाचा आकडा न बदलता प्लेअर बंद करायचा आणि रात्री खोलीतल्या शांततेत तो तसाच सुरू करायचा. कानावर धाडकन आदळला, तर सकाळी आवाज जास्त होता. मी स्वतः ही परीक्षा केल्यावर गर्दीत ऐकण्यासाठी कान नीट झाकणारा हेडफोन घेतला, म्हणजे गोंगाट बाहेर राहतो आणि गाणं हळू ठेवूनही पोचतं. तो लावून रस्ता ओलांडायचा नाही आणि गाडी चालवायची नाही, हे त्याला वेगळं, ठामपणे सांगा. आणि कान वाजायला लागले, घूं आवाज येत राहिला, किंवा समोरच्याला सारखं ‘काय?’ विचारावं लागलं, तर सुट्टीची वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

आपल्या प्रत्येक कानात, शंखासारख्या वळणदार नळीच्या आत, आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच, आणि माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.